मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे किती क्युसेक?

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिककरांच्या मोबाईलवर एक ठरलेला मेसेज फिरतो. गंगापूर धरणातून दुपारी अमुक वाजल्यापासून इतके हजार क्युसेक विसर्ग, टप्प्याटप्प्याने वाढणार, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. तासाभरात दुसरा मेसेज येतो, त्यात शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा वेगळाच. तिसरा नदीच्या खालच्या अंगाच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा, तो तर कुठल्या कुठे. हे सगळे आकडे बाजूला सारून भांडी बाजारातला दुकानदार एवढंच विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?"

गोदाघाटावर पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही नाशिकची पिढीजात मोजपट्टी. पायाला पाणी म्हणजे नेहमीचं, गुडघ्याला म्हणजे टपऱ्या हलवा, कमरेला म्हणजे दुकानातला माल माळ्यावर टाका, आणि डोक्यावरून गेलं की सराफ बाजाराची काळजी. दुकानदाराच्या दृष्टीने ही माहिती क्युसेकपेक्षा नेमकी आहे, कारण त्याला पाण्याची उंची हवी आहे आणि मारुती उंचीच सांगतो. सरकारी मेसेजात उंची नसते, वाहून जाणारं पाणी किती ते असतं. दोन्ही गोष्टी एकाच नदीच्या असल्या तरी एकीवरून दुसरी काढायला मध्ये बरंच गणित लागतं. गोंधळ होतो तो तिथेच.

आधीच सांगून टाकतो: नदीचा क्युसेकचा आकडा थेट कोणी मोजत नाही. घरच्या नळाला मीटर बसतं, तसं गोदावरीला बसत नाही. पाण्याचा वेग मोजतात, नदीची रुंदी आणि खोली मोजतात, आणि त्यावरून विसर्ग काढतात. पुरात तर बऱ्याचदा तेही जमत नाही. तेव्हा पाण्याची उंची बघून जुन्या मोजण्यांच्या आधारे आकडा वाचला जातो.

क्युसेक आणि टीएमसी

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, लिटरमध्ये सव्वाअठ्ठावीसच्या आसपास. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २ लाख ८३ हजार लिटर. हा पाणी वाहण्याचा दर झाला. किती पाणी वाहून गेलं ते यात नाही, त्यासाठी किती वेळ वाहिलं हेही सांगावं लागतं. धरणाच्या साठ्यासाठी वापरतात तो टीएमसी मात्र एकूण पाणी किती ते सांगतो: एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

दोघांची सांगड घालणारा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुमारे ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतो. गंगापूरची साठवण साधारण साडेपाच टीएमसी. म्हणजे त्या दराने, वरून थेंबभर आवक नसताना, भरलेलं धरण साडेपाच दिवसांत रिकामं होईल. "पन्नास हजार क्युसेक पाणी वाया गेलं" असं कुणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न "किती तास?" हाच हवा.

अभियंते मोजणी मीटरमध्ये करतात आणि घनमीटर प्रतिसेकंद असं एकक वापरतात. त्याला साडेपस्तीसला थोडं कमी, म्हणजे ३५.३ ने गुणलं की क्युसेक मिळतात.

रुंदी, खोली, वेग: सगळा खेळ एवढाच

पर्वणीच्या दिवशी मालेगाव स्टँडकडून रामकुंडाकडे उतरणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. एका मिनिटात किती माणसं खाली उतरली हे एकेक डोकं न मोजता काढायचंय. रस्त्यात शेजारी-शेजारी किती जण मावतात आणि रांगा किती भराभर पुढे सरकतात, हे दोन आकडे पुरेत. रस्ता रुंद असेल पण गर्दी रेंगाळत असेल तर माणसं कमी उतरतात. बोळ अरुंद असला तरी लोक झपझप चालत असतील तर तेवढीच उतरतात.

नदीचंही तसंच. प्रवाहाला आडवा काप दिला, तर पाण्याने व्यापलेलं जे क्षेत्र दिसेल ते छेदक्षेत्र. त्याला पाण्याच्या वेगाने गुणलं की विसर्ग. शंभर चौरस मीटरचा छेद आणि सेकंदाला दोन मीटर वेग असेल तर सेकंदाला दोनशे घनमीटर, म्हणजे सुमारे सात हजार क्युसेक.

आता त्या गर्दीकडे जरा नीट बघा. रस्त्याच्या मधोमध माणसं झपाट्याने चाललेली असतात. कडेने चालणारा मात्र प्रसादाच्या दुकानाशी थबकतो, चपला सांभाळतो, चुकलेल्या काकूंना हाका मारतो. मधल्या माणसाची चाल धरून हिशोब केला तर आकडा फुगेल, कडेच्याची धरली तर आक्रसेल. नदीतही पाणी तळाला आणि काठाला घासून मंद होतं आणि मध्यभागी, पृष्ठभागाच्या जवळ सर्वात जोरात पळतं. त्यामुळे "पाण्याचा वेग किती?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. वेग कुठला, हे आधी विचारायला हवं.

पाच पट्ट्यांचं उदाहरण

हिशोबासाठी एक काल्पनिक ओढा घेऊ. रुंदी वीस मीटर, त्याचे चार-चार मीटरचे पाच पट्टे. या काठापासून त्या काठापर्यंत पट्ट्यांची खोली ०.५, १.२, १.८, १.० आणि ०.४ मीटर. त्याच क्रमाने वेग सेकंदाला ०.३, ०.७, ०.९, ०.६ आणि ०.२ मीटर.

प्रत्येक पट्ट्याचा विसर्ग वेगळा काढायचा. पहिल्यात ४ गुणिले ०.५ गुणिले ०.३, म्हणजे ०.६ घनमीटर. दुसऱ्यात ३.३६. मधल्या पट्ट्यात ६.४८, म्हणजे जवळजवळ निम्मा ओढा त्या एकाच पट्ट्यातून चाललाय. पुढे २.४ आणि ०.३२. बेरीज १३.१६ घनमीटर, म्हणजे ४६५ क्युसेक.

आता आळस करू. पाचही वेगांची सरळ सरासरी ०.५४ येते. तिने सगळ्या छेदक्षेत्राला गुणलं तर ३७४ क्युसेक. त्याहून मोठा आळस म्हणजे फक्त मधला वेग घेणं. मग ६२३ क्युसेक! ओढा तोच, वेळ तीच, मोजणाराही तोच, आणि उत्तरं ३७४ पासून ६२३ पर्यंत. म्हणून खऱ्या मोजणीत नदीचे पाच नाही, वीस-पंचवीस पट्टे पाडतात, आणि एकाही पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाणार नाही अशी काळजी घेतात. खोल, जोराच्या भागात पट्टे अरुंद ठेवायचे, काठाला रुंद चालतात. एक पट्टा चुकला तरी सगळा हिशोब कोसळू नये, हा त्यामागचा विचार.

पाण्याचा वेग मोजायचा कसा

जुना आणि अजूनही विश्वासाचा मार्ग म्हणजे प्रवाहमापक, साइटवरच्या बोलीत करंट मीटर. जर्मनीत वोल्टमनने १७९० मध्ये असं फिरत्या चाकाचं यंत्र बनवलं, मूळ कल्पना आजही तीच आहे. एका चाकाला छोट्या वाट्या लावलेल्या असतात, काही यंत्रांत वाट्यांऐवजी पंखा असतो. पाण्याच्या जोराने चाक फिरतं. पुलाच्या कठड्यावर हातरहाट लावलेला असतो. त्याच्या तारेला हे यंत्र आणि यंत्राखाली माशाच्या आकाराचं शिशाचं वजन. वजन माशासारखं का, तर ते प्रवाहाच्या दिशेला तोंड करून स्थिर राहावं म्हणून. मोजणारा हेडफोन लावून बसतो आणि चाकाच्या ठरावीक फेऱ्या झाल्या की कानात टक्क वाजतं. डोळे स्टॉपवॉचवर, कान टक्टकीवर, शेजारी मदतनीस वहीत आकडे मांडतोय. एका उभ्या रेषेचं झालं की दोघं रहाट उचलून पुलावर पुढे सरकतात.

फेऱ्यांवरून वेग काढायचं सूत्र प्रत्येक यंत्राचं आपलं वेगळं असतं. साचलेल्या पाण्याच्या लांबलचक हौदात ठाऊक असलेल्या वेगाने यंत्र ओढून ते सूत्र बसवतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात हे काम होतं. वाट्यांना पोचा आला, बेअरिंगमध्ये रेती गेली की सूत्र बिघडतं. म्हणून यंत्र अधूनमधून पुन्हा तपासून आणावं लागतं. हे किती नियमाने होतं यावर आकड्याचा बराच भरवसा अवलंबून असतो. मात्र या गोष्टीची बातमी कधीच होत नाही.

एका उभ्या रेषेत तरी वेग कुठे मोजायचा? तळाशी मंद, वर जोरात. दीडदोनशे वर्षांच्या अनुभवातून एक सोयीचा ठोकताळा हाती आला आहे: पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट अंतरावर जो वेग असतो तो त्या रेषेच्या सरासरी वेगाच्या अगदी जवळ असतो. पाणी पाऊण मीटरपेक्षा उथळ असेल तर तिथे एकच मोजणी करतात. खोल असेल तर ०.२ आणि ०.८ अशा दोन ठिकाणी मोजून मधला आकडा घेतात.

यंत्र नसेल तर तरंगती वस्तू. पाटावर हा प्रयोग कुणालाही करता येतो. गंगापूर डाव्या कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलेलं असताना मखमलाबादच्या बाजूला एखादा सरळ, झाडझाडोरा नसलेला तुकडा बघा. काठावर वीस मीटर मोजून दोन खुणा करा आणि वरच्या खुणेच्या थोडं अलीकडे संत्रं सोडा. संत्रंच का? ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्यावर पळतो आणि खोटा वेग सांगतो. समजा संत्र्याला पंचवीस सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.८ मीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग आहे, आतलं पाणी याहून मंद. म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणतात, उत्तर ०.६८. दोन-चार संत्री सोडून सरासरी काढा, छेदक्षेत्राने गुणा, कामचलाऊ विसर्ग तयार. पूर असताना नदीकाठी हा प्रयोग करायला जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगितलं.

पुरात मोजणार कोण?

खरी अडचण इथे आहे. ज्या दिवशी आकडा सर्वात जास्त हवा असतो, त्याच दिवशी मोजणं सर्वात अवघड असतं. नाव घालता येत नाही. पुलावरून यंत्र सोडलं तर प्रवाह त्याला ओढत नेतो, तार तिरकी होते आणि खोली आहे त्याहून जास्त भासते. वरून ओंडके येतात, पाणवेलींची बेटं येतात, एखादा गोठाच्या गोठा वाहून येतो. त्यातलं काही तारेत अडकलं तर यंत्र गेलंच, माणूसही जायचा.

म्हणून शांत दिवसांत तयारी करून ठेवतात. वर्षभर वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग मोजायचा आणि प्रत्येक वेळी मोजपट्टीवरची पाण्याची उंची टिपायची. उंची आणि विसर्ग यांच्या अशा बऱ्याच जोड्या जमल्या की आलेखावर बिंदू मांडून त्यातून एक वक्ररेषा काढतात. तिला उंची-विसर्ग वक्र म्हणू. मग पुराच्या रात्री चौकीदाराने फक्त उंची वाचायची आणि वक्र बघून विसर्ग सांगायचा. होळकर पुलाखालचा तासातासाचा आकडा येतो तो उंचीवरूनच.

भांडी बाजारातल्या दुकानदाराकडे अर्धं गणित तयार आहे ते असं. मारुती म्हणजे मोजपट्टी, फक्त तिच्यावर आकडे नाहीत. मारुतीच्या गुडघा, कंबर, छाती या खुणांसमोर कुणी नीट मोजलेला विसर्ग लिहून ठेवला, तर तोही वक्रच झाला.

हा वक्र सरळ रेषेत मात्र जात नाही. पाणी चढलं की छेदक्षेत्र वाढतं आणि वेगही वाढतो, दोन्ही एकदम. रुंद पात्रात पाण्याची खोली दुप्पट झाली तर विसर्ग तिपटीहून जास्त होतो. "काल गुडघ्याला होतं, आज कमरेला, म्हणजे दुप्पट पाणी" हा हिशोब म्हणून फसतो. उंचीच्या वाचनातली छोटी चूकही आकड्यात मोठी होऊन उतरते. लाटा उसळत असताना अंधारात टॉर्चच्या उजेडात मोजपट्टी वाचणाऱ्याला विचारा.

शिवाय वक्राचं वरचं टोक पुष्कळदा अंदाजाने पुढे ओढलेलं असतं, कारण तेवढ्या मोठ्या पुरात प्रत्यक्ष मोजणी झालेलीच नसते. पूर ओसरल्यावर भिंतींवरचे गाळाचे डाग, झाडांवर अडकलेला कचरा यांवरून पाणी कुठवर चढलं होतं ते ठरवतात. मग पात्राचा उतार आणि खडबडीतपणा धरून मॅनिंगच्या सूत्राने विसर्ग काढतात. खडबडीतपणा म्हणजे पाण्याला तळाचा आणि काठाचा किती अडथळा होतो त्याचा अंक. गुळगुळीत काँक्रीटला तो ०.०१५ च्या आत असतो, स्वच्छ नैसर्गिक पात्राला ०.०३ च्या आसपास, झुडपांनी भरलेल्या पात्राला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. हा अंक मोजत नाहीत, अनुभवी डोळ्याने ठरवतात. दोन अनुभवी डोळ्यांत फरक पडला की पुराच्या आकड्यात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो.

"आकडे जुळत नाहीत, म्हणजे कुणीतरी लपवतंय"

दर पुराला हा आरोप होतो. गंगापूरमधून सहा हजार सोडलेत म्हणतात, मग होळकर पुलाला आठ हजार कुठून आले?

एक तर पाऊस. धरण आणि पूल यांच्यामध्ये सोमेश्वर, आनंदवल्ली, गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंचं पाणी आहे. नाले त्याच वेळी धो धो वाहत असतात, धरणाच्या दारांशी त्यांचा संबंध नाही. शहरात जितकं काँक्रीट वाढलं तितकं ते पाणी लवकर नदीत येतं. दुसरं म्हणजे वेळ. धरणातून आत्ता सुटलेलं पाणी पुलाखाली आत्ता नसतं. दोन ठिकाणचे एकाच वाजताचे आकडे जुळायची अपेक्षाच चूक. तिसरं, दोन्हीकडे आकडा काढायची रीत वेगळी. धरणावर दार किती उघडलं आणि दारामागे पाणी किती उंच आहे, यावरून सूत्राने विसर्ग निघतो. ही सूत्रं धरणाच्या छोट्या प्रतिकृती बांधून तपासतात. दिंडोरी रोडवरच्या ज्या 'मेरी'च्या नावाने आपण बस स्टॉप ओळखतो, ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अशाच कामांसाठी आहे. बांधीव दार असल्याने धरणाचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो, असं माझं मत.

खाली चांदोरी-सायखेड्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे गोदावरीला दारणेचं पाणी मिळतं, पुढे कादवा येते, आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. खालचं पाणी तुंबलं की वरचं पाणी निघायला वाट राहत नाही आणि पातळी चढते. यालाच फुगवटा म्हणतात. अशा वेळी विसर्ग वाढलेला नसतानाही गावात पाणी शिरतं. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात तेव्हाही हेच. वाहतं पाणी तेवढंच, पण मोजपट्टी वर सरकते, आणि वक्र बिचारा प्रामाणिकपणे खोटा आकडा सांगतो. "मेसेजात कमीच पाणी होतं हो, आमच्या घरात कसं आलं?" असं चांदोरीकर विचारतात तेव्हा त्यांचंही खरं असतं आणि मेसेजही खोटा नसतो.

पाणी चढतानाचा आणि उतरतानाचा फरकही आहे. पूर चढत असताना पाण्याला पुढे उतार जास्त मिळतो, म्हणून त्याच उंचीला विसर्ग जास्त. ओसरताना त्याच उंचीला कमी. मारुतीच्या कमरेचं सकाळचं पाणी आणि संध्याकाळचं पाणी वेगळं.

त्यात पात्रही बदलत राहतं. पुराने तळ खरवडला, गाळ बसला, कुंडांच्या तळाला काँक्रीट टाकलं किंवा काढलं, काठाला भिंत बांधली, की जुना वक्र जुना झाला. नवीन मोजण्या करून तो दुरुस्त करायला हवा. नाशिकसारख्या शहरात, जिथे दर सिंहस्थाला घाटाचं रूप बदलतं, तिथे ही दुरुस्ती घाटाच्या रंगरंगोटीइतकीच निकडीची आहे, हे ठेकेदारांच्या यादीत कधी दिसत नाही.

जायकवाडीचं भांडण आणि वजाबाकी

नाशिक-नगरची धरणं आणि मराठवाड्यातलं जायकवाडी यांच्यातला वाद जुना आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वाने वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावं लागतं. सोडताना नदीकाठच्या मोटारींची वीज बंद करतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. तरी शेवटी प्रश्न येतोच: सोडलं किती, पोचलं किती, मधलं गेलं कुठे?

इथे एक गणित दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखं आहे. समजा वर दहा हजार क्युसेक मोजले, खाली नऊ हजार. तोटा एक हजार. पण नदीवरची चांगली मोजणीसुद्धा पाच टक्के इकडेतिकडे असू शकते. वरच्या आकड्यात पाचशेचा फरक शक्य, खालच्यात साडेचारशेचा. दोन्ही चुका एकत्र धरल्या (सरळ बेरीज नव्हे, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, कारण दोन्ही एकदम टोकाला क्वचितच जातात) तर तोट्याच्या आकड्यात सुमारे ६७० क्युसेकची अनिश्चितता येते. म्हणजे खरा तोटा ३३० असू शकतो, १,६७० ही असू शकतो. मोठे आकडे पाच टक्क्यांत बसले म्हणून त्यांची वजाबाकी पाच टक्क्यांत बसत नाही. "दहा टक्के पाणी वाटेत चोरलं" असं छातीठोक सांगणाऱ्याला आणि "काहीच गेलं नाही" म्हणणाऱ्याला, दोघांनाही या मोजणीतून पुरावा मिळत नाही. काही तासांऐवजी बरेच दिवस मोजून एकूण टीएमसीची तुलना केली तर अधूनमधून होणाऱ्या चुका एकमेकींना खातात आणि आकडा सुधारतो. पण एखादं यंत्र सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर महिनाभर मोजूनही उपयोग नाही.

"उपग्रह, रडार, ड्रोन असताना हे काय जुनाट?"

नवी साधनं आली आहेत आणि ती उपयोगाची आहेत. ध्वनीवर चालणारं डॉप्लर यंत्र छोट्या होडीतून नदी ओलांडताना तळाची खोली आणि वेगवेगळ्या थरांतला वेग एकदमच टिपतं. रुळावर येणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना आणि दूर जाताना वेगळी ऐकू येते, त्याच तत्त्वाने ते पाण्यातल्या कणांवरून परतलेल्या ध्वनीतून वेग ओळखतं. पुलाखाली बसवलेलं रडार पाण्याला न शिवता पृष्ठभागाचा वेग सांगतं, त्यामुळे ओंडक्यांची भीती नाही. कॅमेऱ्याने फेस आणि कचरा कसा सरकतोय हे बघूनही वेग काढतात. एका अर्थी ते संत्रंच, फक्त नदीने स्वतः सोडलेलं.

पण रडार आणि कॅमेरा दोघांनाही फक्त वरचा थर दिसतो. आतल्या वेगासाठी पुन्हा तो ०.८५ सारखा अंक, आणि छेदक्षेत्रासाठी तळाचा नकाशा लागतोच. पुरात तळ खरवडला गेला असेल तर वरून काही कळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह रुंद नद्यांच्या पाण्याची उंची आणि रुंदी टिपतो, पण त्याचं चक्र एकवीस दिवसांचं. नाशिकचा पूर येऊन, सराफ बाजार धुऊन, दुकानं पुन्हा उघडेपर्यंत तो दुसऱ्या खंडावर असायचा.

पाटावर मात्र हे जमतं

बांधीव पाटाचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे तिथे विसर्ग चांगला मोजता येतो. पाटात एका ठिकाणी पाणी अरुंद गळ्यातून जायला लावलं की त्या जागी फक्त पाण्याची उंची वाचून विसर्ग कळतो. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझर परिसरातल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या आणि एकराच्या हिशोबाऐवजी मोजून पाणी घ्यायला सुरुवात केली. पुढे २००५ च्या कायद्याने राज्यभर अशा संस्थांना आधार दिला. पाणी मोजून मिळू लागलं की वाचवलेलं पाणी आपलं हे दिसतं, आणि मग ठिबकवर द्राक्षबाग करायचा हिशोब कागदावर बसतो. तिथली मोजपट्टी शेतकरी स्वतः वाचतो, म्हणून त्या आकड्यावर भांडण कमी.

आकडा तुमच्या घरापर्यंत कसा पोचतो

क्युसेकचा आकडा पूर ओसरला की संपत नाही. बरीच वर्षं टिपलेल्या मोठ्या विसर्गांवरून पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर केवढा आणि शंभर वर्षांत एकदा येणारा केवढा, हे ठरवतात. त्या विसर्गाला पाणी कुठवर पसरेल ते नकाशावर आखतात: पंचवीसची निळी पूररेषा, शंभरची लाल. नाशिकमध्ये २००८ च्या पुरानंतर या रेषांवरून किती वादावादी झाली हे गावठाणातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांना विचारावं. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षं निर्धास्त, असा अर्थ नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षांत तो किमान एकदा यायची शक्यता सव्वीस टक्के होते, आणि बहुतेकांचं गृहकर्ज वीस-तीस वर्षांचं असतं.

आता विसर्गातली चूक या रेषेत उतरवून बघू. रुंद पात्रात विसर्ग दहा टक्के चुकला तर खोली सुमारे सहा टक्के चुकते. आठ मीटर खोलीच्या पुरात हा फरक साधारण अर्ध्या मीटरचा. तीव्र चढाच्या काठावर तो घाटाच्या दोन-तीन पायऱ्यांत मावतो. पण शंभर मीटरला एक मीटर चढणाऱ्या सपाट काठावर तोच अर्धा मीटर पूररेषेला पन्नास मीटर आत किंवा बाहेर सरकवतो. तेवढ्यात दोन इमारती सहज मावतात.

नदीजवळ घर घेताना बिल्डर "आपण निळ्या रेषेच्या बाहेर आहोत" असं सांगतो तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या. रेषेपासून अंतर किती, आणि जमिनीची पातळी त्या ठिकाणच्या पूरपातळीपेक्षा किती वर. अंतर भरपूर असून उंची हातभरच असेल तर अंतराला फारसा अर्थ नाही. पूररेषेच्या मंजूर नकाशावर ठिकठिकाणची पूरपातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहिलेली असते. प्लॉटची पातळी सर्व्हेअर अर्ध्या दिवसात काढून देतो.